पुण्यात सायकल ट्रॅक आहेत, पण सलग का नाहीत

पुणे म्हणजे सायकलींचं शहर हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, पेठांत तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं, आणि संध्याकाळी बिनदिव्याचं किंवा डबलसीट सापडलं की पोलीस धरणारच. वेगळा ट्रॅक हवा असं तेव्हा कुणाला वाटायचं कारणच नव्हतं, रस्ता सायकलवाल्यांचाच होता.

मग १९७२ च्या आसपास बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना आली, दोन्ही कंपन्या पुण्याच्याच, आणि शहरही कोथरूड, सिंहगड रोड, हडपसर असं लांब लांब पसरत गेलं, बसची वाट बघून लोक कंटाळले आणि ज्याला जमलं त्याने दुचाकी घेतली. २०१८ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्या ३६ लाखांवर गेल्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त!

ट्रॅकसाठी मोठा पैसा आला तो जेएनएनयूआरएम या केंद्र सरकारच्या शहर सुधारणा योजनेतून. ही योजना २००५ ची, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आलं, त्यात सरळ लिहिलंय की गाड्यांचा नाही, माणसांचा विचार करा. २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली आणि तिच्या कडेने ट्रॅक झाले. माझ्या मते घोळ इथेच झाला. ट्रॅक रस्त्याच्या कामाला जोडून आला, त्यामुळे जिथे प्रोजेक्ट तिथे ट्रॅक, प्रोजेक्ट संपला की ट्रॅकही संपला. फुटपाथच्या लेव्हलला पेव्हर ब्लॉक, मध्येच विजेचा डीपी बॉक्स, मग बसस्टॉप, मग टपरी, पुढे लावलेल्या गाड्या, आणि चौक आला की ट्रॅक गायब, जिथे सायकलवाल्याला सगळ्यात जास्त जपायला हवं नेमकं तिथेच.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला तो म्हणूनच महत्त्वाचा, कारण त्यात अख्ख्या शहराचं जाळं आखलं गेलं, सुमारे ८२४ किलोमीटरचं, आणि सगळीकडे वेगळा ट्रॅकच पाहिजे असा हट्टही नाही, छोट्या रस्त्यांवर गाड्यांचा वेग कमी केला तरी चालतं. त्याच महिन्यात विद्यापीठात आणि औंधात ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या, पोरं हौसेने चालवायची, पण अशाच सायकली देणाऱ्या ओफो या चिनी कंपनीने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला.

आज औंधच्या डीपी रोडवर आणि जंगली महाराज (जेएम) रोडवर खरंच चांगलं काम झालंय. पण औंधातून जेएम रोडला सायकलने जायचं तर मध्ये गणेशखिंड रोड आणि विद्यापीठ चौक, तिथला जुना पूल २०२० ला पाडला, मग मेट्रो आणि दुमजली पुलाचं काम, आणि सायकलवाला बिचारा बसच्या चाकाला चाक लावून. आराखड्यातले असे मधले तुटलेले तुकडे आधी जोडा, नवीन किलोमीटर नंतर मोजू.