सुईणीकडून सिस्टरकडे : गोव्यातल्या बाळंतपणाची पार्श्वभूमी

गोव्यात आज एखादी बाई घरी बाळंत झाली, तर ती गावभर बोलण्याची गोष्ट होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथली ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे इस्पितळात झाल्याची नोंद आहे. १९९८-९९ मध्येसुद्धा हे प्रमाण दहात नऊ इतके होते. याचे श्रेय सहसा इस्पितळांना आणि डॉक्टरांना दिले जाते. पण घरच्या काळोख्या खोलीतून बाईला आरोग्य केंद्रापर्यंत आणणारी, तिची नाडी पाहणारी आणि कळांच्या वेळी तिच्याजवळ उभी राहणारी नर्स होती, हे मात्र क्वचितच कोणी लिहिते.

पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली. आशियात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या जुन्या संस्थांत तिची गणना होते. १८६७ मध्ये मडगावात पाद्री मिरांडा यांनी हॉस्पिसियो हे इस्पितळ उभे केले. बाळंतपण मात्र पुढेही अनेक वर्षे घरातच राहिले. पुरुष डॉक्टरापुढे जायला बायका तयार नसत आणि घरच्या माणसांनाही ते रुचत नसे. पेडणे, सत्तरी, डिचोलीच्या गावांत सुईण यायची, कोकणीत तिला वयजीण म्हणत. ती फक्त मूल सोडवून जात नसे. बाळ-बाळंतिणीला तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेगडीचा शेक देणे आणि सटीच्या रात्रीपर्यंत घरातल्या बायकांना धीर देणे, हे सगळे तिच्याकडे असे. तिच्या हातात अनुभव होता. निर्जंतुक पाते नव्हते, रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन नव्हते. नाळ कापण्यातून होणारा धनुर्वात आणि वार पडल्यानंतर न थांबणारे रक्त यांपुढे ती हतबल होती. तिला अडाणी म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. तिच्याजवळ जे नव्हते, ते तिला कोणी दिलेच नव्हते.

गर्भारपणातच बाईची तपासणी करायची, ही कल्पना तशी अलीकडची आहे आणि तिच्या मुळाशी नर्सच आहेत. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात इस्पितळात नाव घातलेल्या गरोदर बायकांच्या घरी नर्स भेटी देऊ लागल्या. ब्रिटनमध्ये १९२९ साली तपासणीचे वेळापत्रकच ठरले : सोळाव्या, चोविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात, मग दर पंधरवड्याला आणि शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला. आपल्याकडे आजही शेवटच्या महिन्यात बाईला वरचेवर बोलावतात, त्याचे मूळ तिथे आहे.

ब्रिटिश भारतात १९४६ च्या भोर समितीने गावपातळीवरच्या माता-बाल आरोग्यसेवेचा आराखडा मांडला, आणि १९५१ पासून सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे एएनएम, तयार होऊ लागल्या. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे असल्याने या घडामोडींच्या बाहेर होता. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती झाली, १९६३ मध्ये जुन्या वैद्यकीय शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि देशाने दीड दशकात उभारलेली आरोग्य केंद्रांची, उपकेंद्रांची व्यवस्था इथे आली. डॉक्टर केंद्रात बसत. उपकेंद्र आणि वाड्यावाड्यांतल्या फेऱ्या एएनएमकडे होत्या.

ही एएनएम गरोदर बाईला कशी तपासते, ते कधी जवळून पाहावे. डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून ती आतला लाल रंग पाहते. फिका दिसला की हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या आणि ‘गोळी खरंच घेता का, की डब्यात पडून आहे?’ हा प्रश्न. पायाच्या नडगीवर अंगठा दाबून सूज पाहते. मग हाताच्या कडेने पोट चाचपत गर्भाशयाचे वरचे टोक शोधते. ते बेंबीशी लागले म्हणजे साधारण चोवीस आठवडे. बाळाचे ठोके ऐकायला फ्रेंच डॉक्टर पिनार्ड यांची कर्ण्यासारखी नळी असे. एक टोक पोटावर, दुसरे कानाशी आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. आता बऱ्याच ठिकाणी ठोके मोठ्याने ऐकवणारे डॉपलर यंत्र आले आहे. पण गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात तो क्षीण ठोका गाठण्यासाठी सिस्टरांनी अंगात मुरवलेले कसब यंत्रापेक्षा कमी मोलाचे नाही. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला आणि लघवीत प्रथिने दिसली, तर तिने वेळेत लिहिलेली चिठ्ठी बाईचा जीव वाचवते.

गोव्यात तिच्यावरचा भार आणखी एका कारणाने वाढला. २००५ नंतर देशभर गावोगावी आशा कार्यकर्त्या आल्या. गोव्याने ही योजना घेतली नाही. इतर राज्यांत गरोदर बाईची पहिली नोंद, पाठपुरावा आणि इस्पितळापर्यंतची सोबत आशाताई करते. इथे ते काम एएनएम आणि अंगणवाडी ताईंच्या वाट्याला येते. बांधकामावर, मासेमारीच्या जेटीवर कामाला आलेल्या कुटुंबांतली बाई पाचव्या-सहाव्या महिन्यात अचानक दारात उभी राहते. जवळ ना जुने कार्ड, ना तारखेचा पत्ता. तिला हिंदी, कन्नड, मिळेल त्या भाषेत बोलते करायचे आणि तारीख काढायची. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात तर गोव्याबरोबर दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या अवघड केसेसही येतात.

लेबर रूममध्येही नर्सच्या हाती जे आले, ते टप्प्याटप्प्याने आले. कळांची प्रगती आलेखावर मांडणारा पार्टोग्राफ १९७० च्या दशकात आफ्रिकेतल्या अनुभवातून आकाराला आला. डॉक्टर दूर असताना बाळंतपण अडते आहे हे प्रसाविकेला वेळेत कळावे, यासाठी तो होता. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे दहा युनिट, मग गर्भाशय घट्ट झाले का हे पोटावर हात ठेवून पाहणे. एवढ्याने रक्तस्रावाचा धोका खूप कमी होतो. झटके येणाऱ्या बाईला ते आवरणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देण्याची मुभाही केंद्र सरकारच्या प्रशिक्षणात एएनएमला मिळाली. सुईणीकडे जे नव्हते, ते सिस्टरकडे आले.

हे होताना एक गोष्ट मात्र हातची निसटली. सुईण रात्रभर बाईजवळ बसायची. आज एकाच सिस्टरला तीन-चार खाटा, भरायच्या नोंदी आणि वर नवजात बाळे सांभाळावी लागली, तर कंबर चोळून देत कोणाजवळ बसणार? २०१९-२१ च्या त्याच पाहणीत गोव्यात सुमारे ४० टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसते. देशाचे प्रमाण २१.५ टक्के होते. यातल्या कित्येक शस्त्रक्रियांनी आई आणि बाळ दोघे वाचले असतील, त्याविषयी तक्रार नाही. पण ज्या बाईला काहीच गुंतागुंत नाही, तिला धीराने, वेळ देऊन मोकळे होऊ देणारे माणूस खाटेजवळ नसणे हेही या आकड्यामागचे एक कारण आहे, असे मला ठामपणे वाटते.

केंद्राने २०१८ मध्ये यावर मार्ग काढायचा ठरवला. नर्सना अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन नैसर्गिक बाळंतपणाची जबाबदारी पूर्णपणे त्यांच्याकडे द्यायची आणि गुंतागुंत दिसली तरच डॉक्टरला बोलवायचे, अशी ही योजना आहे. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदाही झाला. गोव्यात इस्पितळे जवळ आहेत, १०८ ची गाडी मिळते, बांबोळीत नर्सिंगचे सरकारी पदवी शिक्षणही आहे. अशा प्रशिक्षित प्रसाविकेला लेबर रूममध्ये निर्णयाचा अधिकार आणि पुरेशी माणसे द्यायला इतके सोयीचे राज्य दुसरे शोधून सापडणार नाही. जिल्हा इस्पितळांपासून याची सुरुवात करता येईल.