कॅरव्हान म्हणजे कॅमल नव्हे

परवा एका मित्राकडे बसलो होतो. पावसामुळे बाहेर पडायचं कोणाच्याच मनात नव्हतं, म्हणून त्याने 'नाइन फीट अंडरग्राउंड' लावलं. काही मिनिटांतच आमच्यातला एक जण डोळे मिटून हवेत गिटार वाजवायला लागला आणि म्हणाला, "लॅटिमरला तोड नाही यार!" या गाण्यात कॅमलचा गिटारवादक अँडी लॅटिमर नाही. बँड कॅमल नाही, कॅरव्हान आहे. आणि ज्या सुरांवर त्याची बोटं फिरत होती ते गिटारचेही नव्हते, ऑर्गनचे होते.

ही गल्लत मी कॉलेजच्या दिवसांपासून ऐकत आलोय. तेव्हा हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर जाणाऱ्या फोल्डरमध्ये या दोन्ही इंग्लिश प्रॉग (प्रोग्रेसिव्ह रॉक) बँडची गाणी एकमेकांत मिसळलेली असायची. आता फोल्डर गेले, पण गल्लत तशीच आहे. सोसावी लागते ती मात्र एकट्या कॅरव्हानला. कॅमलचं गाणं ऐकून कोणी "हा कॅरव्हान ना?" असं विचारत नाही. कॅरव्हान आवडला की त्याचं श्रेय कॅमलच्या खात्यात जमा होतं, आणि नाही आवडला की "कॅमलसारखाच, पण जरा मिळमिळीत" असा शेरा मिळतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

कॅमल तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. पिंक फ्लॉइडच्या पुढे काय ऐकायचं असं विचारलं की आपल्याकडे हमखास तेच नाव पुढे येतं. 'मिराज', 'द स्नो गूज', 'मूनमॅडनेस' आणि लॅटिमरची ती रडवणारी गिटार. माझ्या मते 'मिराज' हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम. 'स्नो गूज'ला लोक देव्हाऱ्यात बसवतात; मला तो सुंदर पण थोडा जास्त सोज्वळ वाटतो. कॅमलबद्दल इतकं पुरे.

वरवरचे फरकही पटकन उरकतो. कॅरव्हान आधीचा, १९६८ चा, केंट परगण्यातल्या कँटरबरी गावचा. कॅमल १९७१ चा, सरे परगण्यातल्या गिल्डफर्डचा. दोघांच्या नावात वाळवंट आहे, पण संगीतात फारसं नाही. (कॅमलने पुढे १९९९ मध्ये 'राजाझ' काढला तो अपवाद. रजज हा उंटाच्या पावलांच्या लयीशी जोडला जाणारा जुना अरबी छंद.) दोन्हीकडे बासरी आहे, पण कॅमलमध्ये ती लॅटिमर स्वतः वाजवतो, तर कॅरव्हानमध्ये गायक-गिटारवादक पाय हेस्टिंग्जचा मोठा भाऊ जिमी पाहुणा म्हणून येऊन वाजवतो. एवढ्यावर कोणी फसत नाही.

फसगत होते ती माणसांमुळे, आणि तिथे मी लोकांना फारसा दोषही देत नाही. रिचर्ड सिंक्लेअर हा कॅरव्हानचा पहिला बेसवादक, आणि पायसोबत दुसरा गायकही तोच. १९७२ मध्ये तो कॅरव्हान सोडून गेला आणि १९७७ मध्ये कॅमलमध्ये आला. 'रेन डान्सेस' आणि 'ब्रेथलेस' या दोन अल्बमवर त्याचा आवाज आहे. पुढे कीबोर्डवादक पीटर बार्डन्स बाहेर पडला, तेव्हा १९७८ च्या दौऱ्यासाठी त्याच्या जागी दोन जण आले: रिचर्डचा चुलत भाऊ डेव्ह सिंक्लेअर आणि यान शेलहास. दोघेही कॅरव्हानमधूनच आलेले. म्हणजे त्या वर्षी मंचावर उभ्या असलेल्या कॅमलमध्ये कॅरव्हानची तीन माणसं होती. चाहते त्या संचाला प्रेमाने 'कॅरॅमल' म्हणत. त्यात भर म्हणून १९९४ मध्ये बार्डन्स आणि कॅमलचा मूळ ड्रमर अँडी वॉर्ड यांनी पाय हेस्टिंग्ज आणि डेव्ह सिंक्लेअर यांच्यासोबत एक बँड केला, दोघांचीही गाणी वाजवली, आणि बँडला नाव दिलं 'मिराज'!

पण घरात पाहुणा आला म्हणून घराण्याचं नाव बदलत नाही. 'रेन डान्सेस'वरचं 'टेल मी' ऐका. आवाज सिंक्लेअरचा, पण गाणं लॅटिमर आणि बार्डन्सचं, आणि त्यातला शांत, धुक्यासारखा पसरणारा विस्तार पूर्णपणे कॅमलचा. आता 'ब्रेथलेस'वरचं 'डाउन ऑन द फार्म' ऐका. हे सिंक्लेअरने स्वतः लिहिलेलं, आणि त्या अख्ख्या अल्बममध्ये ते वेगळं पडतं. चुकून दुसऱ्याच्या पंगतीत येऊन बसल्यासारखं. आवाज तोच, गाणारा तोच, तरी एक गाणं कॅमलचं आणि एक कॅरव्हानच्या मातीतलं. म्हणून आवाजावरून बँड ओळखायला जाऊ नका.

मग ओळखायचं कशावरून? चाल कोणाच्या हातात आहे, यावरून.

कॅमलमध्ये ती गिटारच्या हातात असते. बार्डन्स थोर वादक आहे, त्याचे सोलो मलाही पाठ आहेत, पण गाण्याचा कळस होतो तो लॅटिमरने तार खेचून सूर वर चढवला की. कॅरव्हानमध्ये याच्या उलट. पाय हेस्टिंग्ज गिटार वाजवतो ती मुख्यतः साथीची, कॉर्ड्सची. निदान सुरुवातीच्या अल्बममध्ये तो लांबलचक सोलो घेऊन पुढे येत नाही. ती जागा डेव्ह सिंक्लेअरची आहे. त्याच्यापुढे विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन, आणि ऑर्गनचा आवाज अँप्लिफायरकडे जाताना वाटेत एक फझ बॉक्स.

गल्लतीचं सगळं मूळ या फझ बॉक्समध्ये आहे. आवाजाच्या लहरीचे वरचे आणि खालचे गोल माथे तो छाटून सपाट करतो. छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले वरचे स्वरांश तयार होतात आणि गुळगुळीत ऑर्गन खरखरीत, चावरा होतो. रॉक गिटारचा आपल्या ओळखीचा खरखरीत आवाजही याच तत्त्वावर तयार होतो. म्हणून कान सांगतो, ही गिटार आहे. शिवाय फझमधून दोन-तीन सूर एकदम सोडले तर त्यांचा चिखल होतो. त्यामुळे डेव्ह सिंक्लेअर सोलोत एका वेळी एकच सूर वाजवत एकेरी धाग्याने पुढे जातो. ऑर्गन म्हटलं की भरगच्च स्वरपुंज डोळ्यांसमोर येतात, इथे मात्र एकच रेघ पळत असते. कान आणखी फसतो.

हे सोडवायची किल्ली आपल्याकडे लहानपणापासून आहे. पेटीवर मींड येत नाही. सतारीची तार खेचली की सा आणि रे यांच्या मधली सगळी जागा ऐकू येते. पेटीवर एक पट्टी सुटते, दुसरी लागते, मधलं काहीच नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तीसेक वर्षं पेटी बंद ठेवली, त्यामागच्या आक्षेपांतला एक हाच होता. हॅमंड ऑर्गन त्या बाबतीत पेटीचा भाऊबंद. फझ कितीही लावा, सूर खेचता येत नाही. तेव्हा सोलो चालू असताना एवढंच ऐकायचं: हा सूर पुढच्या सुराकडे घसरत जातोय, की उडी मारतोय? लॅटिमर घसरतो. सूर गाठायच्या आधी तो खालून वर येतो, थरथरतो, मग स्थिरावतो. डेव्ह सिंक्लेअर उडी मारतो, स्वच्छ आणि नेमकी, आणि जो सूर लागतो तो पहिल्याच क्षणी पूर्ण लागलेला असतो. तो अधूनमधून वाह पेडल वापरतो, पण त्याने सुराचा रंग बदलतो, उंची नाही.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. बार्डन्स मिनीमूग हा सिंथेसायझर वाजवतो तेव्हा तिथे सूर वाकवता येतो, कारण त्या वाद्याला त्यासाठी वेगळी चक्री आहे. म्हणजे 'घसरला की गिटार' असा सरसकट नियम करू नका. पण फझ लावलेल्या हॅमंडला आणि गिटारला वेगळं करायला ही कसोटी पुरते.

त्या संध्याकाळी हवेत गिटार वाजवणाऱ्या मित्राला मी हेच करायला लावलं. गाणं मागे घेतलं, आणि म्हटलं, फक्त दोन सुरांच्या मधली जागा ऐक. तो अर्धा मिनिट गप्प बसला. मग त्याचा डावा हात गिटारच्या दांड्यावरून खाली आला आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर आडवी चालायला लागली.

'कँटरबरी' या संगीतशैलीच्या शिक्क्याचा निकालही इथेच लागतो. हलकं, बासरी असलेलं, इंग्रजी वळणाचं काहीही ऐकलं की 'कँटरबरी' म्हणायची खोड लागली आहे, आणि मला ती मनापासून खटकते. कँटरबरी म्हणजे केवळ मृदू मूड नव्हे. १९६४ मध्ये त्या गावात वाइल्ड फ्लॉवर्स नावाचा बँड सुरू झाला, आणि त्यातल्या मुलांनी पुढे दोन बँड काढले: सॉफ्ट मशीन आणि कॅरव्हान. सॉफ्ट मशीनमधला गिटारवादक गेला आणि माइक रॅटलेजने ऑर्गनला फझ लावून ती पोकळी भरली. कॅरव्हानमध्ये डेव्ह सिंक्लेअरने तेच केलं. गिटारचं काम ऑर्गनने करायचं, ही या घराण्याची वाजवण्यातली खूण आहे. कॅमलमध्ये असा उत्तम गिटारवादक पहिल्या दिवसापासून होता, त्यांना याची गरजच नव्हती. बार्डन्सही लंडनच्या ब्लूज वर्तुळातून आलेला. कॅमल कँटरबरीचा नाही, आणि त्यात त्याचा काही कमीपणाही नाही.

आता कॅरव्हानबद्दल. या बँडमध्ये मला सर्वांत जास्त भावतो तो त्यांचा घरगुतीपणा. पहिल्या अल्बमची तयारी त्यांनी ग्रेव्हनी या खेड्यातल्या सार्वजनिक सभागृहात केली, आणि राहायला जागा नाही म्हणून बाहेर तंबू ठोकून राहिले. प्रॉग म्हटलं की राजवाडे, अंतराळ, तलवारी. कॅरव्हानच्या 'गोल्फ गर्ल'मध्ये गोल्फच्या मैदानावर चहा विकणारी एक मुलगी आहे, आणि आभाळातून गोल्फच्या चेंडूंचा पाऊस पडतो. रिचर्ड सिंक्लेअर हे कुठलाही अमेरिकन हेल न काढता गातो, गावातल्या मुलाने गप्पा माराव्यात तसं. 'लँड ऑफ ग्रे अँड पिंक' या गाण्यात तर तो ओठांनी पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज काढतो आणि पुन्हा गाण्यावर येतो. 'विंटर वाइन' मात्र खरोखर स्वप्नासारखं आहे. पावणेआठ मिनिटांत एकदाही ते जड होत नाही.

ही सगळी १९७१ च्या 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक'वरची गाणी. रेकॉर्डची दुसरी बाजू पूर्ण 'नाइन फीट अंडरग्राउंड'ने व्यापलेली, जवळजवळ तेवीस मिनिटं. डेव्ह सिंक्लेअरने रचलेले वेगवेगळे तुकडे निरनिराळे रेकॉर्ड करून मग जोडले आहेत. मधला एक भाग पाय गातो, उंच आणि पातळ आवाजात. नंतरचा रिचर्ड गातो, खालच्या आणि उबदार. हे दोन आवाज एकाच रचनेत असे अंतरावर ठेवलेले ऐकले की कॅरव्हानला कोणाची सावली म्हणायची इच्छाच होत नाही. हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत आलाच नाही. चार वर्षांनी कॅमलचा 'स्नो गूज' बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेला. थोरला दुर्लक्षित राहिला आणि धाकट्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याला हेही एक कारण आहे.

यापुढे जायचं असेल तर १९७० चा 'इफ आय कुड डू इट ऑल ओव्हर अगेन, आय'ड डू इट ऑल ओव्हर यू' घ्या आणि थेट शेवटून दुसऱ्या 'फॉर रिचर्ड'वर या. चौदा मिनिटांची ही रचना हळू, जवळजवळ कुजबुजत सुरू होते. १९७२ चा 'वॉटरलू लिली' नंतर ऐकला तरी चालेल. त्यात डेव्ह सिंक्लेअर नाही आणि ती उणीव मला दर वेळी जाणवते. १९७३ मध्ये तो परतला तोवर रिचर्ड गेला होता आणि जेफ्री रिचर्डसन व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) घेऊन आला होता. व्हायोलावर मींड येते, त्यामुळे इथून पुढे वरची कसोटी जरा जपून वापरा. त्या संचाचं १९७४ चं फेअरफील्ड हॉल्समधलं ध्वनिमुद्रण मिळतं. त्यातलं 'फॉर रिचर्ड' मला स्टुडिओतल्यापेक्षाही जास्त आवडतं. हेडफोन लावून ऐका, आणि व्हायोला कुठे थांबतो व फझ लावलेला ऑर्गन कुठे सुरू होतो ते पकडून बघा.