कापूस, दुष्काळ आणि 'जीव गमावला तर काय लाभ?' : खान्देशातल्या ख्रिस्ती विश्वासाची पार्श्वभूमी

खान्देशात पैसा खऱ्या अर्थाने खुळखुळला तो 1861 नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी भुसावळला पोचली. मग 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढणारे सावकाराच्या दारात उभे राहिले. जगातलं यश किती टिकतं, याचा धडा या मुलखाला असा बाजारानेच दिला.

तसं पाहिलं तर धन म्हणजे माती हे सांगायला इथे बाहेरून कुणी यायची गरज नव्हती. हा मुक्ताईचा मुलूख. मेहूण-कोथळीला जाणाऱ्या वारकऱ्याला तुकोबांनी ते कधीच सांगून ठेवलं होतं. ख्रिस्ती संदेशाचा रोख थोडा वेगळा होता. सगळं जग मिळवून जीव गमावला तर काय लाभ, असा प्रश्न येशू विचारतो. पण तेवढ्यावर थांबत नाही, 'माझ्यामागे ये' असंही म्हणतो. म्हणजे संसार नाशिवंत आहे एवढं पटून भागत नाही, कुणाच्या तरी मागे चालायचं असतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायातला धनवान शेतकरी पीक भरघोस आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. शेतकरी मुलखात हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

हा संदेश घेऊन आलेल्या मिशनांची मुळंही सोडून देण्यातच होती. पूर्व खान्देशात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात काम करणाऱ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचा संस्थापक ए. बी. सिम्पसन हा न्यूयॉर्कमधल्या एका प्रतिष्ठित चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता. गरीब स्थलांतरितांमध्ये काम करता यावं म्हणून 1881 मध्ये त्याने ते पद सोडलं. पश्चिम खान्देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेलं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन 1890 मध्ये शिकागोत उभं राहिलं, ते फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश प्रचारकामुळे. पुढे 1949 मध्ये त्याच मिशनचं नाव बदलून 'टीम' (द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) झालं.

पश्चिम खान्देशात या मंडळींनी पाऊल टाकलं तेव्हा 1899-1900 च्या दुष्काळाची आठवण ओली होती. पोटाला अन्न आणि अनाथ पोरांना छप्पर देताना धर्माचा प्रचारही होत होता. तेव्हापासून 'धान्यासाठी बाटले' हा आरोप चिकटला तो आजतागायत. तो सरसकट खोटा म्हणता येणार नाही. पण भूक भागल्यावर, दुष्काळ सरल्यावरही माणसं का टिकली, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर नवापूर-नंदुरबारच्या डोंगराळ भागात शोधावं लागतं. इथल्या मावची, भिल्ल, कोकणी या आदिवासी जमातींच्या घरांत मिळवून ठेवलेलं यश सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मिळालेलंच काही नव्हतं. होतं ते सावकाराचं देणं, दारू आणि डाकिणीचं भय. यातून सुटायची धडपड एकट्या ख्रिस्ती लोकांची नव्हती. 1922 च्या सुमारास दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीने दारू सोडायला सांगितलं. तळोद्याकडच्या मोरवडला गुला महाराजांनी 1930 च्या दशकात तेच सांगितलं आणि हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमले. ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे गावोगावचे विश्वासी समुदाय, याच काळात, याच भुकेवर वाढल्या. भूक होती माणूस म्हणून उभं राहण्याची. माझ्या मते खान्देशी ख्रिस्ती इतिहास लिहिणारे ही शेजारची चळवळ फारच घाईने ओलांडून जातात. 1942 मध्ये चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना सुरू झाला, तो याच भागात.

उपासनेतली गाणी मात्र आली मराठी बोलणाऱ्या मुलखातून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा नातीगोती तुटली, पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षं ताटातूट झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पुढे 1917 मध्ये मिशनचा पगारही सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज मांडला. त्यांची भजनं आज मराठी उपासनेत सर्रास म्हटली जातात. घरी अहिराणी किंवा मावची बोलणारी म्हातारीही ती पुस्तक न उघडता गाते.

चर्चमधल्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, हे सगळं एका जागी दिसतं. वेदीपुढे ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, केळीचे घड, पाय बांधलेली कोंबडी. उपासना आटोपली की अंगणात लिलाव. शंभर रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, आणि घेणारा तो परत ठेवून 'पुन्हा बोला' म्हणतो. परदेशी मिशनऱ्यांचं येणं स्वातंत्र्यानंतर हळूहळू आटलं, तसा पाळकाच्या मानधनाला आणि छपराच्या पत्र्यांना हाच पैसा आणि दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कामी येऊ लागला.

बोली चढवणाऱ्यांत आता शिक्षक असतात, नर्स असतात, रेल्वेतले असतात, सुरतेहून सुट्टीला आलेली पोरं असतात. साक्षीला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहून बरेच जण सांगतात, परीक्षा निघाली, नोकरी लागली, देवाने दिली. जुन्या पाळकांना हे थोडं खटकतं, आणि खटकावंच. आजोबांच्या साक्षीत दारू सुटल्याचं आणि भीती गेल्याचं असायचं. कोठारवाल्या शेतकऱ्याचा दाखला त्यांनी ऐकला तेव्हा तो दुसऱ्या कुणाचा तरी होता. नातवंडांच्या घरी आता कोठार आहे, आणि हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टरही.