निपाणीची पुडी आणि दिल्लीची खुर्ची

निपाणीहून कोल्हापूरला जाताना कोगनोळीचा टोलनाका मागे पडतो, दूधगंगेचा पूल येतो, कर्नाटक संपतं आणि पुढे महाराष्ट्रातलं कागल. रस्ता तोच, भाषा तीच, पाहुणेरावळेही तेच. बदलतो तो पानपट्टीवरचा कायदा. तंबाखू नसलेला साधा पानमसाला निपाणीत उघड विकता येतो. कागलला तीच पुडी विकणं गुन्हा. हे असं का, हे समजून घ्यायचं तर देशाच्या अन्नसुरक्षेचा कारभार ज्या खुर्चीवरून चालतो, तिचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

ही खुर्ची तशी अलीकडची. इंग्रजी अमलात अन्नभेसळ प्रांतांनी पाहायची. निपाणीचा बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात, म्हणून इथल्या दुधातुपाला १९२५ चा मुंबईचा भेसळ प्रतिबंधक कायदा. औषधांकडे दिल्लीचं लक्ष आधी गेलं. हिवतापावरचं क्विनाइन भेसळीचं येतं अशी ओरड वाढली, १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि पुढे १९४० चा औषध कायदा झाला. अन्नासाठी देशभराचा एक कायदा १९५४ चा, अंमल १ जून १९५५ पासून. त्यानंतर दीडच वर्षात, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. शाळा बदलल्या, कचेरीची भाषा बदलली, त्याचं दुःख अजून सरलेलं नाही. भेसळीचा कायदा मात्र केंद्राचा होता, तो दोन्हीकडे तोच राहिला.

कायदा होता, पण त्याला धनी नव्हता. भेसळ आरोग्य मंत्रालयाकडे, फळांपासून केलेल्या पदार्थांचा आदेश दुसऱ्या मंत्रालयाकडे, दुधाचा तिसरीकडे. या विखुरलेपणाची किंमत गुटख्याच्या प्रकरणात दिसली. २००२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्याचा बंदीचा अधिकार तातडीच्या, स्थानिक प्रसंगापुरता आहे. एखादा पदार्थ कायमचा हानिकारक ठरवून बंद करणं केंद्राच्या हातात आहे, असा त्या निकालाचा रोख होता. म्हणजे ज्या राज्याला बंदी हवी त्याच्याकडे अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे अधिकार त्याच्याकडे त्या कामासाठी बसलेला माणूस नाही.

तो माणूस २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने आणला. जुने विखुरलेले कायदे आणि आदेश त्यात विलीन झाले, २००८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय) उभं राहिलं आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नियम लागू झाले. इथे 'प्रमुख' एक नाही, दोन आहेत. अध्यक्ष आणि २२ सदस्य मिळून मानकं ठरवतात. मुख्य कार्यकारी अधिकारी रोजचा कारभार पाहतो, प्राधिकरणाच्या वतीने कोर्टात उभा राहतो आणि त्याला अन्नसुरक्षा आयुक्ताचे अधिकारही आहेत. औषधांची खुर्ची तर निराळीच: औषध महानियंत्रक. नव्या औषधाला मंजुरी तो देतो, पण बहुतेक कारखान्यांचे परवाने राज्यं देतात. १९८६ साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने झाडाझडती घेतली ती राज्याच्याच अन्न व औषध प्रशासनाची. हेच विष १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधातून शंभराहून अधिक माणसांना मारून गेलं होतं. त्यानंतर तिथे औषध बाजारात येण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवणं सक्तीचं झालं.

गुटख्याकडे परत येऊ. २०११ च्या नियमांत २.३.४ क्रमांकाचं एक छोटं कलम आहे: कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरायचं नाही. राज्य २००२ साली जे करू पाहत होतं आणि करू शकलं नाही, ते या एका ओळीच्या बळावर झालं. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने बंदी आणली, मे २०१३ अखेर कर्नाटकाने. मधले दहा महिने गुटखा दूधगंगेच्या एका काठाला बंद आणि दुसऱ्याला चालू होता. तो कुठल्या वाटेने वर गेला असेल, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको.

दोन्ही बंद्याही सारख्या नाहीत. राज्याचा अन्नसुरक्षा आयुक्त कलम ३० खाली एखाद्या पदार्थावर जास्तीत जास्त एका वर्षासाठी बंदी घालू शकतो. महाराष्ट्राने त्यात पानमसालाही घेतला. कर्नाटकाने तंबाखू-निकोटीन असलेलाच पानमसाला बंद केला. मग साधा पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. टपरीवर दोन्ही हातात मिळतात आणि गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. मला याचा राग येतो, कारण या दोन पुड्यांचं गिऱ्हाईक बहुधा कॉलेजातली पोरं असतात.

निपाणीचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन याच गावात झालं, इथल्या घराघरांत बायका विड्या वळतात. विडीला मात्र अन्नाचा कायदा लागत नाही. तिच्यासाठी २००३ चा तंबाखू उत्पादनांचा वेगळा कायदा आहे. तेव्हा वखारीतल्या कामावर दिल्लीतल्या या खुर्चीची सत्ता चालत नाही.

जिथे चालते तिथेही तिला मर्यादा आहे. ५ जून २०१५ ला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नाही आणि तपासणीच्या प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती.

बेळगावच्या कुंद्याचा खोका हातात घेतला की प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक दिसतो. राज्याचा परवाना असेल तर सुरुवात ११२ ने होते, कोल्हापूरच्या मालावर ११५ ने आणि केंद्राच्या परवान्यावर १०० ने. पहिल्या आकड्यानंतरचे दोन आकडे राज्याचे. दोन पुड्यांचा हा खेळ दोन्ही राज्यांत एकसारखा थांबवायचा तर ते आकडे ओलांडणारा नियम लागेल, आणि तो प्राधिकरणच कलम ९२ खाली केंद्राच्या पूर्वसंमतीने करू शकतं. त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या निपाणीतून पाठवल्या तरी चालतात.