अवधाण, गंडमाळ की लिम्फोमा?

पायाला ठेच लागून जखम चिघळली की दोन दिवसांत जांघेत गाठ यायची. आजी चाचपून सांगायची, ‘अवधाण आलंय. जखम भरली की बसेल.’ आणि बसायचंही. लसीका ग्रंथी हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता, पण जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे नातं तिला पक्कं ठाऊक होतं.

रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव, म्हणजे लसीका, बारीक नळ्यांतून गोळा होऊन पुन्हा रक्तात जातो. वाटेत मान, काख, जांघ, छाती, पोट अशा ठिकाणी मिळून सुमारे ६०० ग्रंथी असतात. पूर्वीच्या जकात नाक्यांसारख्याच त्या. जाणारा माल उघडून बघितल्याशिवाय सोडत नाहीत. जंतू सापडला की तिथल्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि नाका सुजतो. ते अवधाण. ते दुखतं, त्याला कारण असतं आणि दोन-तीन आठवड्यांत ते उतरतं.

मानेवरच्या, माळेसारख्या ओळीने येणाऱ्या गाठींना जुना शब्द आहे गंडमाळ. बहुतेकदा तो क्षय, म्हणजे टीबी. आणि तिसरी शक्यता लिम्फोमाची, म्हणजे याच पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची. यात नाक्यावरचे शिपाईच बेबंद वाढू लागतात. ही गाठ सहसा दुखत नाही. बोटाला खोडरबरासारखी लागते, हळूहळू मोठी होते. दुखत नाही म्हणून माणूस महिनोन्‌महिने तिच्याकडे बघत नाही, हीच पंचाईत. सोबत कधी संध्याकाळचा ताप, रात्री उशी-चादर भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त घटलेलं वजन (साठ किलोचा माणूस चौपन्नच्या खाली), अंगाला खाज. छातीतल्या ग्रंथी वाढल्या तर खोकला आणि धाप.

आता हीच यादी टीबीच्या डॉक्टरांना वाचून दाखवा. खाज सोडली तर ते म्हणतील, ही आमचीच.

आपल्याकडे टीबी इतका आहे की गाठ आणि ताप म्हटल्यावर आधी त्याचाच संशय येणं चूक नाही. चूक होते ती तुकडा न तपासता नुसत्या अंदाजावर गोळ्या सुरू करून सहा महिने काढण्यात. त्याहून वाईट म्हणजे मधेच कुणीतरी दिलेलं स्टिरॉइड. त्याने लिम्फोमाची गाठ चक्क लहान होते, घरचे खूश होतात आणि नंतर बायोप्सी केली तर त्यात धड काही दिसत नाही.

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, सोपी असते, पण तिच्यात सुट्या पेशी येतात. चार विटा हातात घेऊन घराचा नकाशा कळत नाही. लिम्फोमाचे प्रकार साठाहून अधिक आहेत आणि औषध प्रकारावर ठरतं. म्हणून शक्य असेल तिथे अख्खी ग्रंथी काढून तपासणं उत्तम. काढलेल्या ग्रंथीची बाटली लॅबमध्ये न्यायचं काम बऱ्याचदा नातेवाइकांकडेच येतं. तेव्हा एक विचारून घ्यावं: बाटल्या दोन आहेत ना? कॅन्सरसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो, टीबीच्या जंतूंची तपासणी करायचा तुकडा साध्या सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग ते वाढवून बघता येत नाहीत.

हा घोळ फक्त आपला नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये अशा सात रुग्णांचं वर्णन केलं. पुढे १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींतल्या वेगळ्या, मोठ्या पेशी बारकाईने टिपल्या, तरी हा आजार टीबीचाच अवतार असं त्यांचं मत होतं. ते खोडलं बाल्टिमोरच्या डोरोथी रीड यांनी, १९०२ मध्ये. दोन केंद्रकांची ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घुबडाच्या डोळ्यांसारखी रोखून बघते. आज ती दोघांच्याही नावाने ओळखली जाते.

लिम्फोमा का होतो, याचं उत्तर पुष्कळदा ग्रंथीच्या रोजच्या कामातच असतं. नेमकी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवण्यासाठी तिथल्या बी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, स्वतःची जनुकं मुद्दाम कापतात, बदलतात. या कापाकापीत कधी चुकीचा तुकडा चुकीच्या जागी जोडला जातो. ‘माझ्या हातून काय चुकलं?’ असं रुग्ण विचारतात. बहुतेकदा काहीच नाही.

उपचारांत तर हा कॅन्सर इतरांहून उजवा. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज ऐकून पोटात गोळा येतो. इथे चौथ्या स्टेजचे रुग्णही बरे होतात. हॉजकिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात चार औषधांची एबीव्हीडी ही केमोथेरपी अनेक वर्षं चालत आली आहे. तिच्यातलं व्हिनब्लास्टिन मिळतं आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून. (पानं चघळून काही होत नाही, उलट अपाय होतो. हे सांगावं लागतं.) बी पेशींच्या लिम्फोमात केमोच्या जोडीला रिटुक्सिमॅब हे औषध देतात. ते १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि २००७ मध्ये हैदराबादच्या कंपनीने त्याची तुलनेने स्वस्त आवृत्ती आणली. आजार उलटला तर कार-टी: रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना शत्रूची ओळख शिकवून परत सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून उभी केलेली तिची देशी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झाली. परदेशाहून कितीतरी स्वस्त असली तरी खर्च लाखांतच. तरुण रुग्णांनी केमोआधी अपत्याचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा. नंतर उशीर होतो. उलट काही संथ प्रकारांत डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. नातेवाइकांना हे पटवणं केमोपेक्षा अवघड.

टाळता येतो का? खात्रीचा उपाय नाही, आणि निरोगी माणसांत तो आधीच हुडकणारी सरसकट तपासणीही नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांनी धोका वाढतो, म्हणून त्यांवर वेळेत उपचार घ्यावेत. गाठ तीन-चार आठवड्यांत बसली नाही, किंवा गळपट्टीच्या हाडावर आली, तर लेप लावत बसू नये.

एक प्रकार मात्र नवल वाटावा असा. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या सततच्या दाहातून एक संथ लिम्फोमा उगवतो. सुरुवातीला सापडला तर केमो नाही की शस्त्रक्रिया नाही. दोन आठवडे अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. जिवाणू गेला की पुष्कळ रुग्णांत पुढच्या काही महिन्यांत गाठही विरते. दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून बघावं लागतं, एवढंच.