प्रतिस्पर्ध्यांची सामायिक भाषा: एक्स८६मागची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल आणि एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी एक्स८६ सूचनासंचाच्या, म्हणजे त्यांच्या प्रोसेसरना समजणाऱ्या आज्ञांच्या संचाच्या, पुढच्या वाटचालीसाठी एकत्र सल्लागार गट जाहीर केला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सही त्यात आहेत. कट्टर स्पर्धक एका टेबलाशी कसे बसले, असे अनेकांना वाटले. पण या दोघांच्या चिपा चार दशकांहून अधिक काळ एकच भाषा समजतात, आणि ती भाषा दोघांनीही घडवली आहे.

सुरुवात ग्राहकाच्या आग्रहाने झाली. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी इंटेलची ८०८८ चिप निवडली, पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहायला ती कंपनी तयार नव्हती. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार केला. पीसीची बाजारपेठ फुगली तसा इंटेलचा विचार बदलला. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ चा तपशील एएमडीला मिळाला नाही. प्रकरण लवादाकडे आणि तिथून न्यायालयात गेले. एएमडीने दरम्यान स्वतःच्या बळावर ३८६ तयार करून १९९१ मध्ये बाजारात आणला. १९९५ च्या तडजोडीने हा वाद मिटला.

पुढची स्पर्धा नव्या सूचनांची. १९९८ मध्ये एएमडीने आपल्या के६-२ चिपेत ‘थ्रीडीनाऊ’ हा सूचनांचा गट आणला. त्रिमितीय खेळांना लागणारी दशांश गणिते दोन-दोनच्या जोडीने करणाऱ्या या सूचना उपयुक्त होत्या, पण इंटेलने त्या कधीच स्वीकारल्या नाहीत. १९९९ च्या पेंटियम थ्रीमध्ये इंटेलने अशाच कामासाठी एसएसई हा स्वतःचा गट आणला, १२८ बिटांच्या वेगळ्या रजिस्टरांसह (रजिस्टर म्हणजे चालू गणिताचे आकडे ठेवायची चिपेतली छोटी जागा). दोन वर्षांत एएमडीने एसएसई उचलले, आणि २०१० मध्ये थ्रीडीनाऊला निरोप देत असल्याचे सांगितले. कारण उघड आहे: निम्म्याहून अधिक यंत्रांवर जी सूचना चालतच नाही, तिच्यासाठी प्रोग्रॅमर आपला कोड पुन्हा लिहीत बसत नाहीत.

या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण मात्र उलट्या दिशेने घडले. ३२ बिटांच्या चिपांकडून ६४ बिटांकडे, म्हणजे एका वेळी दुप्पट लांबीचे आकडे हाताळण्याकडे, जाताना इंटेलने ह्यूलेट-पॅकार्डबरोबर आयटॅनियम ही पूर्णपणे नवी रचना उभी केली. जुने एक्स८६ प्रोग्रॅम तिच्यावर चालत, पण रडतखडत. एएमडीने जुन्या घरावरच मजला चढवायचे ठरवले. रजिस्टरांची रुंदी ६४ बिट केली, आठाऐवजी सोळा सर्वसाधारण रजिस्टरे दिली, आणि ३२ बिटांचे प्रोग्रॅम आहेत तसे पूर्ण वेगाने चालू ठेवले. सोळा रजिस्टरे ओळखायला सूचनेत जास्तीचे बिट हवे होते. त्यासाठी ६४ बिट अवस्थेत संख्या एकाने वाढवण्या-घटवण्याच्या एक बाइटी जुन्या सूचनांचे सोळा संकेत मोकळे केले गेले आणि तिथे सूचनेच्या आधी लागणारा नवा उपसर्ग बसवला. इतक्या जुन्या सूचनासंचात जागा शोधण्याची ही रीत मला आजही थक्क करते.

एप्रिल २००३ मध्ये ही रचना असलेला एएमडीचा ऑप्टेरॉन प्रोसेसर आला. पुढच्याच वर्षी इंटेलने तीच रचना वेगळ्या नावाने आपल्या झिऑन चिपांत घेतली. २००५ मध्ये आलेली विंडोजची ६४ बिट आवृत्ती दोन्ही कंपन्यांच्या चिपांवर सारखीच चालली. डेबियन या लिनक्स प्रणालीत तर इंटेलच्या यंत्रासाठीही ‘एएमडी६४’ नावाचेच पॅकेज उतरवावे लागते. आयटॅनियमचा पुरवठा २०२१ मध्ये थांबला.

अर्थात प्रत्येक वेळी असे जुळले नाही. गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात करणाऱ्या एफएमए सूचनांच्या बाबतीत इंटेलने आधी चार घटकांचा (म्हणजे सूचनेत आकड्यांच्या चार जागा सांगणारा) आराखडा मांडला होता, एएमडीने तीन घटकांचा. मग एकमेकांशी जुळवून घेण्याच्या नादात दोघांनीही बाजू बदलल्या! एएमडीचा २०११ चा बुलडोझर प्रोसेसर चार घटकांचा निघाला, इंटेलचा २०१३ चा हॅसवेल तीन. शेवटी तीन घटकांचा आराखडा टिकला. मधल्या काळात कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारी साधने) लिहिणाऱ्यांना दोन्ही सांभाळावे लागले. आभासी यंत्रांसाठीच्या (एका संगणकात अनेक संगणक असल्यासारखे चालवण्याच्या) सूचनांत तर हा दुभंग कायम आहे. काम तेच, पण सूचना वेगळ्या. त्यामुळे आभासी यंत्रे चालवणाऱ्या लिनक्सच्या केव्हीएममध्ये इंटेलसाठी एक आणि एएमडीसाठी दुसरे अशी दोन मॉड्यूल आहेत.

अशीच वेळ पुन्हा येऊ घातली होती. प्रोसेसरचे व्यत्यय आणि अपवाद, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे संकेत आणि चुका, हाताळण्याची जुनी पद्धत बदलण्यासाठी इंटेलने ‘फ्रेड’ सुचवले, तर एएमडीने स्वतःचा वेगळा प्रस्ताव मांडला होता. सल्लागार गटाच्या पहिल्या वर्षात दोघांनी फ्रेडवर एकमत केले. एकाच वेळी अनेक आकड्यांवर चालणाऱ्या व्हेक्टर गणितासाठीचे एव्हीएक्स१०ही दोघे मिळून स्वीकारणार आहेत.