काढून ठेवली तरी मेली, लावून ठेवली तरी मेली

चिमूर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी पर्यटकांना कॅम्पर ट्रेलर भाड्याने देतो. जीपमागे जोडायची चाकांवरची खोलीच ती. आतले दिवे, पंखा, पाण्याचा छोटा पंप आणि गॅसगळतीचा अलार्म १०० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर चालतात. ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो, तेव्हा ट्रेलर घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभा राहतो. पहिल्या पावसाळ्यात त्याने चार्जरचा प्लग काढून ठेवला, तर ऑक्टोबरात बॅटरी मेलेली. नवी आणली आणि पुढच्या पावसाळ्यात प्लग तिन्ही महिने लावून ठेवला. तीही गेली. "सर, काढून ठेवली तरी मेली, लावून ठेवली तरी मेली. आता कराव तं काय?"

दोन्ही बॅटऱ्या साध्या लेड-ॲसिडच्या. गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये आणि इन्व्हर्टरखाली हीच जात असते. गास्तों प्लाँते या फ्रेंच संशोधकाने ती १८५९ मध्ये बनवली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये पातळ गंधकाम्ल. वीज वापरली की आम्लातला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो, तिथे लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज केले की हाच प्रवास उलटा होतो.

पहिली बॅटरी कशी मेली, याचा हिशेब सोपा आहे. प्लग काढला तरी अलार्म चालूच होता. असा अलार्म आणि एखाददुसरा छोटा दिवा मिळून ५० मिलिअँपिअर खातात असे धरू. दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ९२ दिवसांत ११०. बॅटरीची कुवतच १०० ची! त्यात बॅटरी स्वतःहूनही थोडी थोडी उतरते आणि दर १० अंश उष्णतेला हे उतरणे साधारण दुप्पट होते.

पण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरता का येऊ नये? माझ्या मते या यंत्रातली सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात घातक गोष्ट इथेच आहे. नुकतेच तयार झालेले लेड सल्फेट पिठासारखे बारीक असते. बारीक म्हणून त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ते चार्जिंगच्या वेळी पटकन विरघळते आणि पुन्हा शिसे किंवा त्याचा डायऑक्साइड होते. आता ते तसेच पडून राहिले तर? लेड सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, असे आपण शाळेत शिकतो. या "जवळजवळ"मध्येच सगळी गोम आहे. लिटरमागे काही मिलिग्रॅम का होईना, ते विरघळतेच, आणि लहान कण मोठ्या कणांपेक्षा जरा जास्त विरघळतात. परिणामी लहान कण झिजतात आणि त्यांचा माल मोठ्या कणांवर जाऊन बसतो. मोठा आणखी मोठा होतो. या प्रक्रियेला ऑस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. १९०९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यालाच मिळाले, मात्र ते दुसऱ्या कामासाठी. पाक हलवत घोटला तर बारीक साखर होते. तोच निवांत ठेवून दोरा सोडला तर खडीसाखर धरते. शेडमधल्या बॅटरीत तीन महिने ही खडीसाखर वाढत होती. दिवसा टिन तापले की थोडे जास्त विरघळायचे, रात्री गार झाले की ते मोठ्या खड्यांवर बसायचे. त्यातून बॅटरी रिकामी असली की आम्ल पातळ असते, आणि पातळ आम्लात लेड सल्फेट भरलेल्या बॅटरीपेक्षा अधिक विरघळते. म्हणून खडे सगळ्यात वेगाने रिकाम्या बॅटरीतच धरतात. असा खडा चार्जरला दाद देत नाही. सल्फेट प्लेटांवर अडकले की आम्लही कायमचे पातळ राहते.

हे खडे विरघळवणारी "जीवनदान" पावडर बाजारात मिळते. तिच्यावर पैसे घालू नका. फार दिवस रिकामी न राहिलेली बॅटरी सावकाश, कमी करंटने चार्ज करून थोडीफार सावरते. जुन्या खड्यांवर पावडरीचा उपाय नाही. तसाच "सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की करंट जमिनीत उतरतो" हा गावोगावचा समज. एकेकाळी पेट्या लाकडाच्या किंवा सच्छिद्र रबराच्या असत, तेव्हा ओलाव्यातून थोडी गळती होई. आजची प्लास्टिकची पेटी वीज जाऊ देत नाही. उलट गार फरशीवर बॅटरी हळू उतरते.

दुसरी बॅटरी नेमक्या उलट कारणाने गेली. चार्जर स्वस्तातला होता, १४.४ व्होल्टवर अडकून बसणारा. एवढा दाब बॅटरी भरेपर्यंत योग्यच आहे. पण भरल्यावर रूपांतरासाठी सल्फेट उरत नाही आणि ती वीज पाणी फोडू लागते. सहा सेलच्या, म्हणजे आतल्या सहा कप्प्यांच्या, बॅटरीत दर जादा अँपिअर-तासाला सुमारे २ ग्रॅम पाणी जाते. अर्धा अँपिअर सतत वाहिला तर दिवसाला २४ ग्रॅम, ९२ दिवसांत दोन लिटरांहून जास्त. झाकणे उघडली तेव्हा प्लेटांची टोके उघडी पडली होती. त्या पाण्याचा हायड्रोजन झाला, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. ट्रेलरमध्ये बॅटरीच्या कप्प्याला बाहेर उघडणारी जाळी असते ती यासाठीच. चिंध्या कोंबून ती कधीही बुजवू नये.

म्हणून चांगला चार्जर बॅटरी भरल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टवर उतरतो आणि नुसती गळती भरून काढतो. उष्णतेत हा आकडाही खाली आणावा लागतो. दर सेलला दर अंशाला ३ ते ४ मिलिव्होल्ट, म्हणजे सहा सेलना साधारण २०. पुस्तकातले आकडे २५ अंशांचे असतात. मे महिन्यात चंद्रपुरात ४५ अंश म्हणजे २० अंश जादा, आणि १३.६ च्या जागी १३.२ हवेत. तापमान मोजणारी वायर बॅटरीला चिकटवणारा चार्जर हे आपोआप करतो.

पाण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी बॅटरीत कधीच घालू नये. त्यातला क्लोराइड प्लेटांच्या जाळीला खातो. फिल्टरच्या पाण्यातही क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरच आणावे आणि चार्जिंग झाल्यावर भरावे. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच घालावे. वरून ॲसिड तर नकोच, कारण फुटून गेले ते पाणी, ॲसिड आतच असते.

या जुलैत आम्ही तिसरी बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि गॅसचे सिलिंडर काढून निगेटिव्ह तारच सोडवली, म्हणजे अलार्मही बंद. ठरले ते एवढेच: दर पंधरा दिवसांनी मल्टिमीटरने व्होल्ट बघायचे आणि १२.४ च्या आसपास आले की एक रात्र चार्ज करायचे. पूर्ण भरलेली, काही तास विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. ट्रेलरच्या दारामागे खिळ्याला वही टांगली आहे. तीत पहिली नोंद १२.७ ची, आणि तिच्याखाली पोराने स्वतःच्या अक्षरात पुढची तारीख लिहून ठेवली आहे.